हॉस्पिटलच्या किचनमधले सहा आठवडे वाया जात नाहीत, पण तिथं बघायचं काय ते सांगते

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू साताऱ्याची, न्यूट्रिशन अँड डायटेटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत सांगलीत मामाकडं राहून एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये सहा आठवड्यांची फूड सर्व्हिस इंटर्नशिप करतेयस. दहा दिवस झाले आणि तुला फक्त कोथिंबीर निवडायला, ताटं मोजायला आणि स्टोअरच्या रजिस्टरमध्ये एंट्री करायला लावलंय. वर्गातल्या मैत्रिणी पुण्यात क्लिनिकमध्ये बसून डाएट चार्ट करतायत आणि तू विचारतेस की ताई, हे सोडून मी पण एखादं क्लिनिक धरू का.

सोडू नकोस. मी बावीस वर्षं मिरज आणि सांगलीच्या हॉस्पिटलांमध्ये डाएटिशियन म्हणून काम केलंय, त्यातली पहिली तीन वर्षं जवळजवळ पूर्ण किचनमध्ये गेली, आणि आज ओपीडीत बसून पेशंटला जे सांगते त्यातलं निम्मं त्या तीन वर्षांतलं आहे. मात्र नुसतं रोज जाऊन उभं राहिलीस तर खरंच काही मिळणार नाही, म्हणून कुठं लक्ष द्यायचं ते सविस्तर लिहिते, लांब झालं तर सावकाश वाच.

आधी कोथिंबिरीचं, म्हणजे निवडण्याचं. मी नवीन असताना मेनू प्लॅनिंग माझ्याकडं आलं आणि मी मेथीची भाजी ठरवली. ९० पेशंट, माणशी १०० ग्रॅम, म्हणून ९ किलो मेथीचं इंडेंट, म्हणजे स्टोअरला मागणी, टाकलं, कागदावर हिशोब एकदम बरोबर. सकाळी मेथी आली, निवडायला बसलेल्या मावशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, ही किती माणसांची?" मी सांगितलं ९०. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मुळं आणि देठं एका बाजूला टाकत राहिल्या आणि तासाभरात देठांचा ढीग पाल्याएवढाच झाला. निम्मी गेली. राहिलेली कढईत पडली आणि बसली एवढीशी. साडेअकरा वाजलेले, बाराला ट्रॉली निघणार. आचाऱ्यांनी मला एक शब्दही न सुनावता चार किलो बेसन काढलं, मोठ्या टोपात लसूण-जिऱ्याची फोडणी दिली आणि वीस मिनिटांत पिठलं तयार केलं, अर्ध्या वॉर्डांना मेथी गेली आणि अर्ध्यांना पिठलं. त्या दिवशी मी रडले होते, पण 'एडिबल पोर्शन', म्हणजे निवडून-सोलून खायला उरतो तो भाग, हा शब्द परत कधी विसरले नाही. पुस्तकात तो एका कॉलममध्ये असतो, तुझ्यासमोर तो रोज परातीत पडतोय. तर उद्यापासून निवडायला बसशील तेव्हा आधी जुडी वजन कर, निवडून झाल्यावर पाला वजन कर, शिजल्यावर भाजी वजन कर. मेथी, चुका, फ्लॉवर, शेवगा, दोडका, जे येईल ते. सहा आठवड्यांत तुझ्याकडं तुझा स्वतःचा तक्ता तयार होईल, तोही आपल्या बाजारातल्या भाजीचा, आणि तो तुला नोकरीत आयुष्यभर पुरेल. तांदळाचंही तसंच, एक किलोचा भात अंदाजे अडीच ते तीन किलो होतो पण तांदूळ जुना का नवा आणि पाणी किती यावर तो बदलतो, तेव्हा तुझ्या किचनचा आकडा तूच काढ.

आता ताटं मोजणं. ताटं मोजताना ताटात काय पडतंय ते बघतेस का? वरणाच्या टोपाजवळ उभी राहा. वाढणारी मावशी घाईत असते, डाव वरच्यावर फिरतो, डाळ खाली बसलेली असते. पहिल्या वीस वाट्यांत पिवळं पाणी जातं आणि शेवटच्या वाट्यांत घट्ट गोळा. तू चार्टमध्ये लिहितेस 'वरण एक वाटी', ३० ग्रॅम तूरडाळीचं म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रोटीन धरतेस, पण पहिल्या वॉर्डातल्या ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या आजीला त्यातलं किती मिळालं? प्रत्येक वाटीआधी तळापासून ढवळायचं एवढीच गोष्ट, पण ती कुणी सांगितल्याशिवाय होत नाही. आणि सांगताना 'तुमचं चुकतंय' असं सांगायचं नाही, डाव हातात घेऊन दोन दिवस आपण वाढायचं, मावशी आपोआप बघतात.

डावाचं माप पण घे. पाणी भरून मेजरिंग जारमध्ये ओत, किती एमएल ते लिही. एका किचनमध्ये मला तीन डाव सापडले, तिन्ही वेगळ्या मापाचे, आणि तिघी जणी ठामपणे सांगत होत्या की आम्ही एक-एक डावच वाढतो!

भाकरीचा विषय तर आपल्या भागात सगळ्यात मोठा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची बाई भाकरी थापते ती परातीएवढी, आणि पुस्तकातली भाकरी असते ३० ग्रॅम पिठाची. मी एकदा किचनमधल्या भाकरीचे गोळे वजन केले, शंभर ग्रॅमच्या पिठाचे निघाले. १०० ग्रॅम ज्वारीत कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी ३३० च्या वर. आपण डायबेटिक पेशंटला 'दोन भाकरी' लिहितो आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. तेव्हापासून मी चार्टमध्ये भाकरीचा आकडा लिहायच्या आधी पेशंटला विचारते, घरी भाकरी कोण थापतं आणि केवढी असते, हातानं दाखवा. हा प्रश्न मला क्लिनिकमध्ये बसून सुचला नसता. किचनमध्ये डायबेटिक पेशंटसाठी पिठाचे गोळे काट्यावर करून घ्यायची सवय लावता येते, ४० ग्रॅमचा गोळा म्हटलं की दोन दिवसांत थापणाऱ्या ताईंचा हातच तेवढा घेतो, मग काट्याची पण गरज लागत नाही.

मिठाबद्दल दोन गोष्टी सांगते, एक डॉक्टरांकडची आणि एक नातेवाईकांकडची. फाईलवर कधी 'दोन ग्रॅम सॉल्ट' लिहिलेलं असतं, कधी 'दोन ग्रॅम सोडियम'. नवीन मुली दोन्ही सारखंच समजतात. ५ ग्रॅम मिठात सोडियम साधारण २ ग्रॅम असतं, म्हणजे या दोन ऑर्डरमध्ये अडीच पटीचा फरक आहे, शंका आली की सिस्टरना किंवा रेसिडेंट डॉक्टरांना विचारायचं, लाजायचं नाही. किचनमध्ये लो सॉल्टची भाजी मीठ घालायच्या आधी वेगळी काढतात, ते बरोबरच आहे, पण त्या आधी त्यात काय काय पडलं ते बघ. आपल्याकडचा कांदा-लसूण मसाला करतानाच त्यात मीठ पडलेलं असतं, हरभरे-राजमा लवकर शिजावा म्हणून सोडा टाकलेला असतो आणि सोडा म्हणजे पण सोडियमच. मीठ टाकलं नाही म्हणून भाजी लो सॉल्ट होत नाही.

आणि दुसरी गोष्ट, ती भाजी पेशंट खातो का? आपला सांगली-साताऱ्याचा माणूस झणझणीत खाणारा, त्याच्यापुढं पांढरीफटक दुधी ठेवली की तो एक घास खाऊन ताट सरकवतो, आणि संध्याकाळी घरून खर्डा येतो, शेंगदाण्याची चटणी येते, भडंग येतं. सगळं उशीखाली किंवा लॉकरमध्ये. मी पूर्वी ओरडायचे. मग एका आचारी मामांनी मला दाखवलं की अळणी भाजीलाच भरपूर लसूण, जिरं, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि वरून लिंबू पिळलं तर मिठाची आठवण कमी येते, वांगं भाजून केलं तर अजून कमी. त्यांनी हे कुठल्या कोर्समध्ये शिकलेलं नव्हतं, त्यांच्या वडिलांना बीपी होतं म्हणून घरी करून करून कळलेलं. तुझ्या किचनमधल्या आचाऱ्यांना असं विचार, फार मोकळेपणानं सांगतात. फक्त किडनीच्या पेशंटला ओल्या खोबऱ्यासारखं काही देताना पोटॅशियमचा विचार करायचा, ते त्यांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही, आणि बाजारातलं 'लो सोडियम मीठ' तर किडनीवाल्याला अजिबात नको, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं.

किडनीच्या डाएटबद्दल एक प्रसंग सांगते. आपण शिकतो की पोटॅशियम कमी करायला भाजी सोलून बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजवायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी टाकून द्यायचं. मी हे सगळं किचनमध्ये लिहून लावलेलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. तरी एका डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम खाली येईना. मी एक पूर्ण दिवस किचनमध्ये बसून राहिले तेव्हा कळलं की बटाटा-गाजर उकळलेलं पाणी आचारी टाकत नव्हते, ते आमटीत घालत होते. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, भाजीचं सत्त्व पाण्यात उतरतं ते टाकायचं कसं, चांगल्या घरात असंच शिकवतात, आणि तीच आमटी रीनलच्या, म्हणजे किडनीच्या पेशंटच्या, ताटात पण जात होती. दोष माझा होता, 'पाणी टाका' लिहिलेलं पण का टाका ते कुणाला समजावलं नव्हतं. समजावल्यावर एकदाही चूक झाली नाही. तेच शहाळ्याचं आणि बेदाण्याचं. गेटबाहेर शहाळी असतात, आजारी माणसाला शहाळं द्यायची आपल्याकडं पद्धतच आहे, आणि तासगावकडचे पाहुणे आले की घरच्या बेदाण्याची पिशवी आणतात. प्रेमानं आणलेलं असतं. सुकवल्यावर द्राक्षातलं पाणी जातं आणि पोटॅशियम तेवढ्याच मुठीत गोळा होतं हे त्यांना सांगावं लागतं, आणि सांगताना पिशवी हिसकावायची नाही, घरच्या लहान मुलांना द्या म्हणायचं.

आता वेळेबद्दल. तू लिहिलंयस की ट्रॉली उशिरा निघाली म्हणून सिस्टर ओरडल्या आणि तुला ते उगाच वाटलं. उगाच नाहीये गं ते. जेवणाआधीचं साधं रेग्युलर इन्सुलिन अर्धा तास आधी देतात. सिस्टरनी रोजच्या वेळेवर दिलं आणि ताट पाऊण तास उशिरा आलं तर पेशंटची शुगर खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्ध हरपते. एका ठिकाणी गॅस संपला म्हणून रात्रीचं जेवण लेट झालं आणि वॉर्डला फोन करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, तो फोन मीच करायला हवा होता. दोन पेशंटना ग्लुकोज द्यावं लागलं. तेव्हापासून उशीर होतोय असं कळलं की पहिला फोन वॉर्डला. डायबेटिक ट्रॉली आधी, जनरल नंतर, हा क्रम तुझ्या किचनमध्ये आहे का बघ.

ताटावरच्या चिठ्ठीत नुसतं आडनाव लिहिलेलं असेल तर आजच सांग. आपल्याकडं एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन माने असतातच. एकदा दोन पाटलांनी आपसात कॉट बदलली, एकाला खिडकीजवळ हवं होतं म्हणून, आणि शेवयाची खीर ज्यांना जायला नको त्यांच्याकडं गेली. खाण्याआधी सूनबाईंच्या लक्षात आलं म्हणून बरं. पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, बेड नंबर आणि डाएटचा प्रकार, आणि ताट ठेवताना नाव विचारायचं. 'पाटील ना?' असं नाही, 'आजोबा, तुमचं नाव सांगा' असं.

मे महिना चालू आहे, सांगलीचा उन्हाळा तुला कळलाच असेल, त्यात किचन. म्हणून एक प्रोब थर्मामीटर घे, ज्याची सळई अन्नात खुपसून तापमान बघतात तो. तयार अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा ५ च्या खाली थंड, मधला पट्टा जंतूंचा. किचनमधून निघताना भाताचं तापमान लिही आणि वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या बेडला पोचल्यावर लिही, फरक बघून तू स्वतःच ट्रॉलीचा रस्ता बदलायला सुचवशील. भातावर विशेष लक्ष ठेव. बॅसिलस सिरियस नावाचा जंतू आहे, त्याचे बीजाणू शिजवल्यावर पण जिवंत राहतात, भात बाहेर तसाच पडला की वाढतात आणि उलटी करणारं विष तयार करतात, ते विष परत गरम केल्यावर जात नाही. दुपारचा भात संध्याकाळी फोडणीला टाकायचा ही घरची सवय हॉस्पिटलमध्ये चालत नाही. अन्न वाया जातं म्हणून मावशींना वाईट वाटतं, मलाही वाटतं, त्याचा उपाय म्हणजे सकाळी वॉर्डाचा आकडा नीट घेऊन तेवढाच भात लावणं, आणि तो आकडा घ्यायचं काम सध्या तुझ्याकडं आहे. बघ, तू ज्याला नुसती मोजणी म्हणतेस ती हीच.

नळीच्या फीडची, म्हणजे नळीतून पोटात देतात ते पातळ अन्न बनवायची, जागा जमलं तर बघून घे. वेगळा मिक्सर, वेगळी गाळणी, उकळत्या पाण्यानं धुतलेली भांडी, गाळलेलं फीड, वर तयार केल्याची वेळ. आयसीयूतला माणूस आधीच कमजोर असतो, तिथं 'चालतंय' म्हणायचं नाही.

मावशींशी बोलण्याबद्दल तू विचारलंस, की त्या माझं ऐकत नाहीत. तू वीस वर्षांची, त्या पंचावन्नच्या. पहिली गोष्ट, नावानं हाक मारू नकोस, मावशी किंवा काकू म्हण, आचाऱ्यांना मामा म्हण. दुसरी, सकाळी साडेपाचच्या शिफ्टला एकदा तरी त्यांच्याबरोबर ये. त्या घरची भाकरी करून, पोरांचे डबे भरून, मिळेल त्या गाडीनं आलेल्या असतात. आणि तिसरी गोष्ट बांगड्यांची. नियमानं अन्न हाताळताना हातात बांगड्या, अंगठ्या नकोत, काच फुटून अन्नात जाते आणि खाली मळ राहतो. माझ्याबरोबरच्या एका नवीन मुलीनं सगळ्यांसमोर 'बांगड्या काढा' म्हटलं आणि पूर्ण किचन आठवडाभर तिच्याशी बोललं नाही. आपल्याकडं सवाष्णीला असं कुणी म्हणत नाही, आपण 'वाढवल्या' म्हणतो ते काय उगाच नाही. मी एकेकीला बाजूला घेऊन बोलले, की काच भातात गेली तर पेशंटच्या घशात जाईल, यातून कसा मार्ग काढायचा तुम्हीच सांगा. त्यांनीच मार्ग काढला. कामावर येताना काचेच्या बांगड्या उतरवून डब्यात ठेवायच्या, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, आणि घरी जाताना परत भरायच्या. एका मावशींच्या बांगड्या मनगटातून निघतच नव्हत्या, त्यांनी स्वतःहून वाढण्याऐवजी स्टोअरचं काम मागून घेतलं. नियम तोच राहिला, फक्त आधी त्यांना विचारलं.

प्रोजेक्टला विषय सुचवा म्हणालीस, तर प्लेट वेस्ट, म्हणजे ताटात उरून परत येणारं अन्न, हा कर. सगळं हॉस्पिटल घेऊ नकोस, एक वॉर्ड, दुपारचं जेवण, सात दिवस. तीन बादल्या, भाकरी-चपाती, भात, भाजी-आमटी. रिकाम्या बादलीचं वजन आधी लिही. किती वाढलं त्याचं वजन आणि किती परत आलं त्याचं वजन, परत आलेल्याला वाढलेल्यानं भाग आणि शंभरनं गुण. पण आकड्यावर थांबू नकोस, ज्यांचं ताट भरलेलं परत आलं त्यांच्या कॉटजवळ जाऊन विचार का खाल्लं नाही. तुला अशी उत्तरं मिळतील जी कुठल्या फॉर्ममध्ये नसतात. कुणाची कवळी घरी राहिलेली असते. कुणाच्या उजव्या हातात सलाईन असतं आणि भरवायला कुणी नसतं. अथणी-जमखंडीकडून आलेल्या आजींना कन्नडशिवाय काही येत नाही आणि त्यांना कडक ज्वारीची भाकरी हवी असते, त्यांच्यासाठी दोन-चार कन्नड शब्द शिकून घे, 'ऊट आयता' एवढं विचारलं तरी चेहरा खुलतो. एक आजोबा चार दिवस भात परत पाठवत होते, विचारलं तर म्हणाले, "पोरी, माझी मालकीण शेजारच्या वॉर्डात हाय, तिनं खाल्लं का न्हाई कळंना, मला घास उतरंना." आम्ही वॉर्ड बॉयला सांगून त्यांना दुपारी व्हीलचेअरवर तिच्या कॉटजवळ नेऊन जेवायला बसवायला लागलो. त्या दिवसापासून ताट मोकळं परत यायला लागलं, मेनूत काहीच बदललं नव्हतं.

पुण्याच्या मैत्रिणींचं म्हणशील तर त्यांचंही चांगलंच चाललंय, चार्ट करायला तुलाही पुढं शिकायचंच आहे, पुढं पेशंट बघायची इंटर्नशिप येईल तेव्हा ते होईल. फक्त उरलेल्या साडेचार आठवड्यांतला एखादा आठवडा वॉर्ड राउंडला जाऊ द्या असं तुझ्या तिथल्या डाएटिशियन मॅडमना विचार, लेखी नको, सकाळी चहाच्या वेळेला तोंडी विचार, आणि विचारताना तुझा मेथी-फ्लॉवरचा तक्ता हातात असू दे. मी त्यांच्या जागी असते तर तो तक्ता बघून लगेच हो म्हटलं असतं.

चप्पल घालून किचनमध्ये जाऊ नकोस, फरशी ओली असते आणि गरम टोप इकडून तिकडं जात असतात. रबरी सोलचे बंद बूट घे, ओढणी घरी ठेव, सुती कुर्ता घाल, केस पूर्ण टोपीत. पाण्याची बाटली भरून ने आणि दर तासाला पी, तिथं घाम कळत नाही. काटा किचनमध्ये नसेल तर स्टोअरमध्ये नक्की असेल, सोमवारी जुडी वजन करायला तोच मागून घे.